श्यामच्या पाठीवरील वळ

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक आम्हांपैकी पुष्कळांनी बालपणी रडत रडत वाचिले आहे. आता स्वतः आईबाप झाल्यावर ते पुनः उघडिले असता एके ठिकाणी मन अडखळते. श्याम विहिरीत पोहावयास भितो व लपून बसतो. आई त्यास शोधून शिंपटीने मारिते. तो पोहावयास जातो खरा. मागाहून त्याच्या पाठीवरील वळ पाहून तीच कळवळते. मुलास कोणी भित्रा म्हणू नये, एवढीच तिची तळमळ. लहानपणी आम्हांस हे सर्व योग्यच वाटले होते.

परंतु भय हा अपराध आहे काय? चोरी अथवा लबाडी यांस शिक्षा असावी की नसावी, हा वाद निराळा. पाण्यास भिणाऱ्या लेकरास छडीचे भय अधिक वाटावयास लाविले, तर त्याचे भय गेले, की केवळ बदलले? शिवाय ही हकीकत लिहिणारा तो मुलगाच आहे, आणि तीही आई वारल्यावर पुष्कळ वर्षांनी, कृतज्ञ अंतःकरणाने. ज्या घरी छडी फार आणि माया थोडी, तेथील मुलाच्या हातून असे पुस्तक लिहून होत नाही, ही गोष्ट छडीचे कैवारी सोयीने विसरतात.

स्नानानंतर तळव्यांस माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरितो, तेव्हा हीच आई धोंडीवर आपले ओचे पसरिते आणि मनही तसेच स्वच्छ राखण्यास सांगते. तेथे तिला शिंपटी लागली नाही. कारण तेथे पाहणारे, हसणारे लोक नव्हते. विहिरीच्या दिवशी अधिक भ्याले होते कोण, श्याम की त्याची आई?