गप्प बसणं म्हणजे अहिंसा का?

11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेनं बायकांना सरकारी बस फुकट झाली. पुढं आमच्या बेळगावकडच्या गावची सकाळची बसच बंद केली. गाड्या कमी आहेत म्हणे! हायस्कूलच्या मुली घरी बसल्या.

बस्तीत बैठक झाली. "आपल्या मुलींसाठी ट्रस्टची गाडी लावू. ज्ञानदानच की ते! डेपोवर भांडायला कशाला जायचं? आपला धर्म अहिंसेचा." मलाही क्षणभर पटलं. मग पलीकडच्या गल्लीतली, मजुरी करणाऱ्या बाईची पोर आठवली. माझ्या नातीशेजारी बसून जायची. तिला कोण नेणार?

दान थोर खरंच. पण ते देणाऱ्याच्या मर्जीवर. बस सगळ्यांच्या हक्काची. आणि आपल्याकडं पाप तीन वाटांनी लागतं: कृत, कारित, अनुमोदना. दुसऱ्याचं नुकसान बघून गप्प बसणं ही अनुमोदनाच नव्हे का? तुम्हीच सांगा.

आम्ही सगळ्या गल्ल्यांतल्या बायका अर्ज घेऊन डेपोवर गेलो. आवाज चढवला नाही, पण अर्जाची पोच मिळेपर्यंत उठलोही नाही. बस अजून यायचीय. आम्ही दर सोमवारी जातो. तोवर ट्रस्टची गाडी चालते. तिच्यात त्या दोघी शेजारीच बसतात.