प्रायश्चित्त, शिक्षा आणि कर्त्याचा प्रश्न

तुरुंगासाठी इंग्रजीत रूढ झालेली ‘पेनिटेन्शरी’ ही संज्ञा मूळची चर्चच्या परिभाषेतील आहे. पश्चात्तापवाचक लॅटिन शब्दापासून ती सिद्ध झाली. पोपच्या प्रशासनात याच नावाचे न्यायपीठ आजही पापविमोचनाचे काम पाहते. १७७९ च्या ब्रिटिश कायद्याने ती तुरुंगाला लावली आणि १८२९ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या कारागृहाने तिला वास्तुरूप दिले: एका कोठडीत एकच कैदी, सोबतीला मौन आणि बायबल. अंतःकरणाच्या एका अवस्थेची अशी इमारत झाली.

मराठीने हे दोन अर्थ एका शब्दात आणले नाहीत. प्रायश्चित्त ‘घेतले’ जाते. शिक्षा ‘ठोठावली’ जाते आणि ‘भोगली’ जाते. पहिल्या क्रियेत अपराधी हाच कर्ता असतो, दुसरीत तो केवळ भोक्ता उरतो. शिवाय ‘शिक्षा’ म्हणजे संस्कृतात अध्ययन. मराठीत त्याचा दंड झाला. मराठी शब्दाने दंडाला जोडले ते शिकवणे, पश्चात्ताप नव्हे.

परंतु क्रियापदाची ही साक्ष पूर्ण विश्वासार्ह नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून ग्रामण्य उठले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी अखेर प्रायश्चित्त ‘घेतले’. त्यामागे स्वतःच्या पापाची जाणीव नव्हती, आप्तमित्रांना होणारा जाच होता. उलट, १९०८ साली लोकमान्य टिळकांनी ज्यूरीच्या निर्णयानंतरही आपण निर्दोष असल्याचे न्यायालयात सांगितले आणि मंडालेची शिक्षा भोगली. एका प्रसंगी पश्चात्तापावाचून प्रायश्चित्त घडले, दुसऱ्या प्रसंगी पश्चात्तापावाचून शिक्षा. दोन्हीकडे बाह्य विधी पूर्ण झाला. अंतःकरण मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले.

म्हणूनच ‘सुधारणा’ हा आजच्या तुरुंगव्यवस्थेचा शब्दही तपासून घ्यावा लागतो. तो दंडापेक्षा निश्चित मानवी आहे. मात्र कैद्याला कर्तेपण देणारा तो आहे, की त्याच्या मनावर अधिकार सांगणारा? राज्यसंस्था देह कोंडू शकते, शिकण्याची संधी देऊ शकते. तिने सवलतीच्या बदल्यात पश्चात्ताप मागितला, तर तिच्या हाती पश्चात्तापाचे प्रदर्शन तेवढे लागते. सर्वांत कठीण अवस्था चुकून दोषी ठरलेल्याची होते: पश्चात्ताप दाखवावा तर तो असत्य बोलतो, न दाखवावा तर निर्ढावलेला ठरतो. प्रायश्चित्ताला कर्ता हवा, ही मराठी क्रियापदाची अट म्हणूनच केवळ व्याकरणाची उरत नाही. ती न्यायाचीही आहे.