नावे आणि जमा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही. आर्थिक इतिहासाच्या पेपरात मी काय लिहिलं होतं हे ज्यांना कळेल, त्यांना मात्र त्या पदवीची थोडी वाटेल. 'इंग्लंडमधील औद्योगिक क्रांती' हा तेव्हा हमखास येणारा प्रश्न. मी ठोकून दिलं होतं, की जॉन के या थोर पुरुषाने १७३३ मध्ये धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं आणि पुढे त्यानेच आर्कराईटला सूतकताईचं यंत्र बनवायला हातभार लावला. दहापैकी सात गुण पडले.

परवा चिरंजीवांच्या अभ्यासासाठी पुस्तकं चाळत होतो, तेव्हा कळलं की हे दोन निरनिराळे जॉन के. धोट्यावाला लँकेशरमधल्या बरी गावचा, जन्म १७०४. आर्कराईटचा तो वॉरिंग्टनचा घड्याळजी. म्हणजे सातातले साडेतीन गुण मी विद्यापीठाला देणं लागतो. पण विद्यापीठात पैसे भरायच्या दहा खिडक्या असतात, गुण भरायची एकही नसते.

एकदा नाद लागला की आम्ही बँकेतली माणसं खातं शेवटपर्यंत तपासतो. तर तिसराही जॉन के निघाला! हा एडिंबरोचा. जन्म १७४२, धंद्याने न्हावी. लोकांच्या दाढ्या करता करता त्याला लोकांचे चेहरे पाठ झाले असावेत. त्याने वस्तरा ठेवला, सुई घेतली आणि तांब्याच्या पत्र्यावर गावातल्या लहानथोरांची चित्रं कोरायला सुरुवात केली. १७८५ मध्ये छापील चित्रांचं दुकान थाटलं. १८२६ मध्ये वारला तेव्हा त्याच्या नावावर नऊशेच्या आसपास पत्रे जमा होते. आमच्या अर्थशास्त्राचे आजोबा अॅडम स्मिथ, तेही त्याच्या सुईखालून गेले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ, असे निघालेत की वाटावं, 'राष्ट्रांची संपत्ती' मोजून झाली, आता लग्नाला चालले आहेत. या के महाशयांनी स्वतःचंही चित्र काढून ठेवलं, आणि बरोबर आपल्या लाडक्या मांजराचंही.

आता धोट्याच्या के ची गंमत पाहा. गंमत कसली, दैवच म्हणायचं. रुंद कापड विणायला पूर्वी मागावर दोन माणसं लागत, त्याच्या धोट्यामुळे ते काम एकाने होऊ लागलं. विणकाम इतकं वाढलं की सूत पुरेना, आणि सूत पुरेना म्हणून सूतकताईची यंत्रं आली. पहिल्या के ने भूक लावली आणि दुसऱ्या के ने स्वयंपाकाला मदत केली म्हणा ना. पण धोटा वापरणारे कारखानदार पैसे देईनात. उलट त्यांनी मंडळ काढलं, की याने खटला भरला तर खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा! बिचारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवून थकला आणि १७४७ मध्ये फ्रान्सला गेला. १७७९ च्या सुमारास तिकडेच वारला.

आणि त्याचं चित्र? एक आहे. खाली नाव स्वच्छ आहे, जॉन के. फक्त ते त्याचं नसून त्याच्या मुलाचं असावं, असं म्हणतात. मुलाचंही नाव जॉनच होतं. म्हणजे हा चौथा! मँचेस्टरच्या नगरभवनात एक भलंमोठं भित्तिचित्र आहे. चिडलेला जमाव दारात आला आहे आणि के साहेबांना चादरीत गुंडाळून घराबाहेर काढताहेत. चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राउन जन्मला १८२१ मध्ये. म्हणजे त्याने के ला पाहिलं असेल तर स्वप्नातच. आणि घड्याळजी के? आर्कराईटचं प्रसिद्ध तैलचित्र आहे, जोसेफ राईटने काढलेलं. पोट सुटलेले आर्कराईट खुर्चीत ऐसपैस बसले आहेत, शेजारी टेबलावर सूतकताईचे रूळ मांडलेत. त्या यंत्राचा पहिला नमुना ज्याने करून दिला तो घड्याळजी त्या चित्रात कुठेच नाही.

जगाला कापड घातलं त्याचा चेहरा संशयित, आणि न्हावीबुवांच्या मांजराचा चेहरा मात्र पक्का. आता तुम्हीच सांगा, माणसाचं श्रेय कशाला चिकटलेलं असतं? नावाला म्हणावं, तर ते चौघांत फिरतं. चेहऱ्याला म्हणावं, तर तो भलत्याचाच निघतो. आमच्या खातेवहीत 'नावे' म्हणजे येणं आणि 'जमा' म्हणजे देणं असा निदान हिशोब असतो. इथे नाव आहे, जमा कुणाची तेच कळत नाही.

हे सगळं मी दुसऱ्यांच्या गमतीखातर सांगितलं असतं. पण असाच एक फोटो माझ्या अंगावर बेतलेला आहे.

आमच्या बँकेत माझ्याच नावाचे, माझ्याच आडनावाचे आणखी एक गृहस्थ होते. इंग्लंडात जसे थोरले पिट आणि धाकटे पिट, तसे आम्ही. ते थोरले, मी धाकटा. ते कॅशमध्ये. पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्यांना रांगेत उभं न करता बाकावर बसवायचे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म भरून द्यायचे, पैसे जागेवर नेऊन द्यायचे. मी त्याच वेळी 'काउंटर बंद'ची पाटी वेळेवर लावण्याबद्दल प्रसिद्ध होतो.

थोरले अचानक गेले. बँकेच्या अंतर्गत मासिकात श्रद्धांजली आली आणि वर फोटो छापला तो माझा! मी मासिकात अधूनमधून विनोदी लिहितो, म्हणून माझा फोटो संपादकांच्या खणात होता. नाव जुळलं, लावून दिला. शाखेच्या फळ्यावर ते पान चार दिवस टाचलेलं होतं. घरी फोन येऊ लागले. आमची ही फोन उचलून म्हणायची, "आहेत हो, जेवताहेत." मी ते पान वीसेक वेळा तरी वाचलं असेल. 'वृद्धांचा आधार', 'देवमाणूस', असं सगळं माझ्या तोंडाखाली छापलेलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. महिनाभर तो किस्सा मी जिथे तिथे सांगत सुटलो होतो. दुरुस्ती छापा असं संपादकांना सांगायचं मात्र राहून गेलं.

मग एक दिवस थोरल्यांच्या वहिनी फंडाच्या कागदांवर सह्या करायला शाखेत आल्या. निघताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "भावजी, फोटो छान आलाय हो तुमचा." मी हसलो. त्या पुढे म्हणाल्या, "यांचा तेवढा एकदाच छापून यायचा होता."

बस्स, एवढंच. रागाने म्हणाल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं.

पुढच्या अंकात मुंगीएवढ्या अक्षरांत दुरुस्ती आली, फोटोशिवाय. दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला आणि "फोटो नवा पाठवा, जुना आता वापरवत नाही" असंही कळवलं. मी वहिनींकडे जाऊन थोरल्यांचा फोटो आणला आणि तोच पाठवून दिला. छापून आला. खाली नाव अगदी बरोबर! वहिनींनी दोन प्रती मागवून घेतल्या.

हिशेबशास्त्रात एकमेकींना भरून काढणाऱ्या चुका असतात. एकीकडे शंभर चुकतात, दुसरीकडे उलट शंभर चुकतात, आणि तेरीज चोख जुळते. माझी तेरीज जुळली खरी. पण तेरीज जुळली म्हणजे हिशोब खरा असतोच असं नाही, हे मी पदवीत शिकलोय, आणि तिथे सगळे गुण माझे स्वतःचे होते. चेहरा परत केला. पण वीसेक वेळा वाचलेली ती स्तुती कुठून परत करणार?

म्हणून हल्ली पेन्शनच्या दिवशी मी बाक पुढे ओढतो. पाटीला थोडा उशीर होतो. गेल्या महिन्यात एक आजोबा माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहत होते. म्हणाले, "तुम्ही ते वारलेले साहेब ना?"

"नाही आजोबा, ते थोरले. मी धाकटा."

"असू दे," आजोबा म्हणाले, "फॉर्म तेवढा भरा."