निवडीचे ऋण

पुष्पवाटिकेत रमणाऱ्या मनुष्यास नीतिशास्त्राचा उपद्रव होण्याचे कारण नाही, असा सामान्य समज आहे. जो कोणाचे द्रव्य हरण करीत नाही, कोणाच्या कलहात पडत नाही, प्रातःकाळी झारी घेऊन आपल्या कुंड्यांमधून फिरतो, त्याच्या हातून अधर्म तो कोणता होणार? आम्हीही पुष्कळ वर्षे ह्याच समजात होतो. परंतु कॅटलिया ह्या आमरींच्या राजस वंशातील निवडक वाणांची जोपासना करू लागल्यापासून तो समज टिकला नाही. कोणते झाड घ्यावे, कोणते टाकावे, आणि घेतल्यावर आपण त्याचे काय लागतो, हे प्रश्न वरवर बागकामाचे दिसतात. अंती ते नीतीचे ठरतात.

कॅटलिया मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील. ती वृक्षांवर किंवा खडकांवर वाढते, म्हणून पुष्कळ लोक तिला बांडगूळ म्हणून मोकळे होतात. पण बांडगूळ आश्रयदात्याचा रस शोषते. कॅटलिया त्याच्यापाशी केवळ बसावयास जागा मागते. पाऊस, दव, वारा आणि सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा, एवढ्यावर तिचा प्रपंच चालतो. आमच्या सह्याद्रीत झाडांवर वाढणाऱ्या आमरींचाही स्वभाव हाच. ब्राझीलहून इंग्लंडात आलेल्या एका जातीचे वर्णन करताना वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडले यांनी १८२१ साली ह्या वंशास नाव दिले, ते ती जात आपल्या काचगृहात वाढविणाऱ्या विल्यम कॅटली यांच्यावरून.

पुढे युरोपातील धनिकांस आमरींचे जे वेड लागले, त्याची किंमत अरण्यांनी दिली. अल्बर्ट मिलिकन नावाच्या संग्राहकाचे प्रवासवृत्त १८९१ साली प्रसिद्ध झाले. कोलंबियातील ओडोंटोग्लॉसम ह्या दुसऱ्या एका आमरीची सुमारे दहा हजार रोपे मिळविण्यासाठी सुमारे चार हजार वृक्ष पाडल्याची हकिगत त्यात त्याने स्वतःच दिली आहे. हे वाचून आज आपण कानांवर हात ठेवतो. पण त्या वृक्षांवर कुऱ्हाड चालविणारा क्रूर होता असे मानण्याचे कारण नाही; त्याला फूल आवडत होते, एवढेच. आवड ही स्वतः निष्पाप असली तरी तिचे हात निष्पाप असतीलच असे नाही, हा पहिला धडा.

सुदैवाने आजच्या बागवानास अरण्याकडे हात पसरण्याची गरज उरलेली नाही. आमरीचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अंकुरासाठी अन्नाची शिदोरी नसते. निसर्गात एका बुरशीच्या साहाय्यावाचून ते रुजत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांस १८९९ साली उमगले. आणि साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक आगरावर ते बुरशीवाचूनही रुजविता येते, हे अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ साली दाखविले. तेव्हापासून एका बोंडातील लक्षावधी बियांतून हजारो रोपे करणे शक्य झाले. पण एका नैतिक प्रश्नातून सुटका झाली ती दुसऱ्यात गुंतविण्यासाठीच.

कारण एका बोंडातील कोणतीही दोन रोपे सहसा सारखी नसतात. सर्व भावंडांस संकराचे एकच नाव मिळते. अशा संकरांची नोंद १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. ती फुलावर येण्यास सामान्यतः पाच ते सात वर्षे लागतात. फुलली म्हणजे माळी त्यांतले एखादे निवडतो, त्याला स्वतंत्र वाण म्हणून आणखी एक नाव देतो, आणि बाकीची विकतो किंवा उकिरड्यावर टाकतो. हे निवडलेले झाड पुन्हा बियांतून येत नाही. त्याचा एखादा भाग तोडून दुसऱ्या कुंडीत लावला, तर तेवढेच ते झाड दोन ठिकाणी नांदते. १९४५ साली नोंदलेल्या 'बो बेल्स' ह्या शुभ्र संकराच्या निवडक वाणाचा तुकडा आज कोणाच्या घरी फुलला, तर ते त्या मूळ रोपट्याचे अपत्य नव्हे; तेच ते रोपटे होय.

ह्या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. कॅटलियाचे मूळखोड एका टोकाने पुढे सरकते आणि मागचे जुने कंद वाळत जातात. म्हणजे ती सदैव मागून मरत आणि पुढून जन्मत असते. तिला वार्धक्य असे नाही. मनुष्य गेला तर आपण आयुष्य सरले म्हणतो, गाय गेली तर वय झाले म्हणतो. पण नामांकित कॅटलिया नाहीशी झाली तर त्याचे खापर काळावर फोडता येत नाही. कोणी तरी अति पाणी घातले, कोणी नाव लिहिलेली पाटी हरवली, कोणाच्या वारसांनी कुंड्या ओसाड टाकल्या. म्हणून निवड करणारा जे ऋण पत्करतो ते त्याच्या स्वतःच्या आयुष्याहून लांब मुदतीचे असते.

हे ध्यानी घेऊन निवड कशी करावी? बहुतेक लोक पारितोषिके पाहून निवडतात. अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या परीक्षणात फुलास शंभरपैकी ७५ गुणांपासून पहिली श्रेणी, ८० पासून दुसरी आणि ९० पासून सर्वोच्च श्रेणी मिळते. फूल वाटोळे, भरदार, सपाट पाकळ्यांचे असावे हा परीक्षकाचा आदर्श आहे. झाडाचा स्वतःचा आदर्श निराळा. तो ओठ मधमाशीला उतरावयास सोयीचा व्हावा एवढ्यासाठी घडला आहे. मनुष्याने आपल्या डोळ्यासाठी फूल वळवून घ्यावे, ह्यात आम्हांस दोष दिसत नाही. भाताच्या लोंबीचे आणि आंब्याचे आपण दुसरे काय केले? परंतु पारितोषिक हा एका दिवशीच्या फुलाचा गौरव आहे. ते झाड आपल्या अंगणात जगेल काय, याचे उत्तर त्या गुणांत नसते. ब्राझीलच्या थंड, धुकट डोंगरांतील कॅटलिया कॉक्सिनियाचे लाल रंगाचे रक्त ज्या संकरात अधिक, तो पुण्याच्या वैशाखात तग धरील ही आशा फोल आहे. उलट समुद्रकाठच्या उष्ण हवेतील ब्रासावोला नोडोसाशी झालेले संकर उन्हाळा सोसतात. जो आपले अंगण न पाहता फूल निवडतो, तो ते झाड मरणासाठीच निवडतो.

जोपासनेतही मुख्य गुण संयमाचाच. कोळसा, विटांचे तुकडे किंवा नारळाची सोडणे घातलेली कुंडी पुरती वाळत आल्यावाचून पाणी घालू नये. गर्द हिरवे पान पाहून आनंदणारा माळी फुलास मुकतो. पान किंचित पिवळसर हिरवे दिसेल इतका उजेड तिला हवा. कुंडी बदलावी ती नव्या कोंबास मुळे फुटू लागली म्हणजेच, आणि भाग करावयाचे तर प्रत्येकात निदान तीन-चार कंद ठेवून. दुर्लक्षाने जितकी मेली असतील, तितकीच झाडे लाडानेही मेली आहेत.

आता ज्या प्रसंगाने हा लेख लिहविला तो सांगतो. एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हांस एका जांभळ्या कॅटलियाचा भाग दिला होता. पाटीवरचे अक्षर त्यांचे; ते स्वतः आता हयात नाहीत. त्या झाडाचे भाग आम्हीही पुढे तिघा मित्रांस दिले, कारण झाड राखावयाचे असेल तर ते वाटून टाकावे, ही जुन्या बागवानांची शिकवण खरी आहे. एका वर्षी फूल उमलल्यावर चार दिवसांत पाकळ्यांवर तपकिरी चट्टे उठले. पानाचा तुकडा चुरून चाचणीच्या पट्टीवर पाहिला. सिम्बिडियम मोझॅक ह्या विषाणूची बाधा निघाली. त्यावर घरच्या बागवानाच्या हाती उपाय नाही. ही बाधा मुख्यतः सुरी-कात्रीवरील रसातून एका झाडाची दुसऱ्यास जाते, आणि कित्येक बाधित झाडे वर्षानुवर्षे निरोगी दिसतात.

आमच्या मनात दोन पक्ष उभे राहिले. एक म्हणे, झाड जिवंत आहे, फुलते आहे, दिवंगत स्नेह्याची ती खूण आहे. निराळ्या जागी, निराळ्या सुरीने ते सांभाळावे. ह्या पक्षास आम्ही हलका समजत नाही. कित्येक सज्जन असेच करतात. दुसरा पक्ष म्हणे, दक्षता तुझी आहे, आणि तू मर्त्य आहेस. ह्या झाडाला वार्धक्य नाही. म्हणून तुझे ऋण तुझ्या आयुष्याहून लांब, असे तूच म्हणतोस. मग त्याचा रोगही तुझ्या दक्षतेहून दीर्घायुषी आहे. तू गेल्यावर ती पाटी पाहून कोणी तरी प्रेमाने त्याचा भाग करील, आणि तीच सुरी शेजारच्या झाडास लावील. प्रयोगशाळेचा मार्गही निर्धोक नव्हे. जॉर्ज मोरेल यांनी १९६० साली सिम्बिडियमच्या कोंबाच्या अग्रापासून रोपे वाढविली ती विषाणुमुक्त झाडे मिळविण्यासाठीच. पण तपासल्यावाचून बाधित झाड त्या रीतीने वाढविले तर एक दोष हजार घरी पोचतो.

आम्ही ते झाड जाळले. पण त्याहून कठीण काम होते ते तिघा मित्रांस कळविण्याचे. देणाऱ्याची ऐट एकदा मिरविल्यावर 'आम्ही दिले त्यात रोग असेल' असे लिहिताना लेखणी जड होते. दोघांची झाडे बाधित निघाली. तिसऱ्याचे, जे आम्ही सर्वांत आधी तोडून दिले होते, ते निर्दोष निघाले. ह्याचा अर्थ आम्हांस टाळता आला नाही: स्नेह्यांकडून झाड आले ते निरोगीच होते, बाधा झाली ती नंतर आमच्या घरी, आणि बहुधा आमच्याच न तापविलेल्या सुरीने.

तेव्हा दान पुण्यप्रद खरे, पण ते देणाऱ्या हाताच्या शुद्धतेइतकेच. त्याच दानाने दोन घरी रोग नेला, आणि त्याच दानाने ते झाड जगात राखले. निवडलेल्या वस्तूचे मालक होणे सोपे. तिचे विश्वस्त होण्यास प्रत्येक छेदापूर्वी सुरी ज्योतीत धरण्याचा कंटाळा नसावा लागतो, आणि चुकल्यास ते कळविण्याची लाज वाटू न देणे साधावे लागते. तिसऱ्या मित्रांनी त्या झाडाचा एक भाग आम्हांस परत देऊ केला आहे. आमच्याकडील सर्व झाडांची तपासणी पुरी होईतो तो त्यांच्याचकडे राहावा, असे आम्ही त्यांस कळविले आहे.