बॉनेट उघडून केलेली पूजा

आज खंडेनवमी. भूम, वाशी, कळंब, परंड्याच्या गावांतून सकाळपासून गाड्या धुणं चाललंय. कुठं विहिरीच्या मोटारीला नळी लावलीय, कुठं टँकरचं पाणी बादलीनं पुरवून पुरवून वापरलं जातंय. ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो, जीप ओळीनं उभ्या. झेंडूची माळ, काचेवर हळदीकुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू, समोर फोडलेला नारळ. उद्या दसरा. आणि सण झाले की याच गाड्यांत संसार चढणार आहेत.

ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड गाडीत भरताना ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, तवा, परात, घागरी, चिंध्यांत गुंडाळलेले कोयते, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, दोन शेळ्या, खुराड्यात कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. एखादं लेकरू गोधडीत झोपलेलं. मुकादमाची उचल अंगावर घेऊन ही बिऱ्हाडं सांगली-कोल्हापूरकडं, साताऱ्याकडं, कर्नाटकात जातात. तो रस्ता संपेपर्यंत त्यांचं घर म्हणजे ती गाडी. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चाकावरचं घर ही आता हौसेची गोष्ट होऊ लागलीय. आपल्या बालाघाटातलं चाकावरचं घर त्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि त्यात हौस नाही.

म्हणून आजच्या पूजेबद्दल एक मागणं आहे. गाडी बाहेरून धुतली, सजवली, तसं तिचं बॉनेटही आज उघडावं. गाडी जुनी असेल तर आवर्जून.

डिझेल इंजिन फार सोसतं. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानं १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला ते चालवून दाखवलं. त्याला पेटायला ठिणगी लागत नाही. हवा १६-१७ पट दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि डिझेलचा फवारा तिच्यात शिरताक्षणी पेट घेतो. हवा, दाब आणि डिझेल मिळत राहिलं की इंजिन फिरत राहतं. १९५४ साली टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरचे ट्रक त्या घराण्याची इंजिनं घेऊन देशभर गेले. टाटाचं ६९७ त्यातलंच. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून ६९७. किती गाड्यांची बॉडी बदलली, रंग बदलले, मालक बदलले, पण इंजिन तेच राहिलं.

असं इंजिन तेल कमी झालं तरी ओढतं, पाणी कमी झालं तरी ओढतं, एखादा नोझल टपकत असला तरी ओढतं. मग एका रात्री, भरल्या गाडीनिशी, चढावर बंद पडतं. सगळे म्हणतात, अचानक झालं. मिस्त्री इंजिन खोलतो तेव्हा दिसतं की हे कित्येक महिने चाललं होतं. गाडी ओढतेय ना, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं.

आमच्या भागातल्या एका वयस्क ड्रायव्हरची सकाळ मी पाहिलेली आहे. ते चावीला हात लावण्याआधी डिपस्टिकला हात लावतात. इंजिन गार असताना, गाडी सपाट जागेवर असताना, कारण रात्रभरात सगळं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बाहेर काढून वाचायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. मग ते तेलाचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून बघतात, नाकाशी नेतात. एकदा त्यांनी शेजारच्या पोराला सांगितलं, “काळं झालंय म्हणून भिऊ नको बाबा. डिझेलचं तेल काळंच व्हतंय. दुधाळ दिसलं तर भी.”

हे अगदी बरोबर आहे. डिझेलची काजळी तेलात उतरते आणि तेल ती धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलंय, हेड गॅस्केट नाहीतर लायनरचं सील गेलंय. तेलाची पातळी आपोआप वाढली आणि वास डिझेलचा आला, तर कुठूनतरी डिझेल तेलात गळतंय आणि तेल पातळ होऊन बेअरिंग उघडी पडणार आहेत. बोटांना कचकच लागली तर आत धूळ जातेय. एवढं सगळं एका थेंबात कळतं आणि त्याला मिस्त्री लागत नाही.

पण धाराशिवमध्ये जुन्या इंजिनाचा खरा घात तेलापेक्षा पाण्यानं होतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. आपलं बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं. घरात ज्या भांड्यात ते रोज तापतं, त्याच्या तळाला पांढरा थर धरलेला प्रत्येकानं पाहिलाय. तेच पाणी रेडिएटरमध्ये गेलं की तोच क्षार इंजिनाच्या पाणवाटांत बसतो. क्षाराचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रेडिएटर भरलेला दिसतो, काटाही कधी कधी बरा दिसतो, आणि आत हेड तापून वाकत असतं. ज्या इंजिनांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं, तिथं आणखी एक गोष्ट घडते. लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि वर्षानुवर्षांच्या त्या माऱ्यानं ओतीव लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. कूलंटमध्ये यालाच आळा घालणारी द्रव्यं असतात. कूलंट फक्त थंड प्रदेशातल्या गाड्यांसाठी असतं, हा समज आपल्याकडं घट्ट बसलाय. तो सोडला पाहिजे.

ज्या गावात प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं तिथं रेडिएटरसाठी शुद्ध पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न खरा आहे. पण जुनं पाणी पूर्ण काढून, आतली वाट धुऊन, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट एकदा नीट भरलं की ते रोज बदलावं लागत नाही. रोज थोडं थोडं बोअरचं पाणी ओतावं लागत असेल, तर पाणी कुठंतरी जातंय. ओतत राहण्याऐवजी ती गळती शोधावी. आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी पद्धत पडलीय ती चुकीचीच आहे. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन गार चालतं, डिझेल अर्धवट जळतं, तेल खराब होतं आणि रिंगा झिजतात. तापण्याचं कारण तसंच राहतं.

धुळीचं थोडक्यात सांगतो. उसाच्या फडातली वाट, मागं पुढं चाललेल्या ट्रॉल्या, दिवसभर उडणारा फुफाटा. एअर फिल्टर या हंगामात शहरातल्या हिशेबानं बदलून चालणार नाही. जुन्या गाड्यांत तेलाच्या वाटीचा फिल्टर असतो, त्या वाटीच्या तळाचा गाळ बोटानं बघावा. डिझेल फिल्टर तर कधीच पुढच्या वेळेवर ढकलू नये. फ्युएल पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारीक जागेत पाण्याचा थेंब किंवा मातीचा कण काय करील ते सांगायला नको. टाकी रात्री रिकामी ठेवली की आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं, म्हणून मुक्कामाला गाडी लावताना टाकी भरलेली असावी आणि सकाळी सेपरेटरच्या तळाचं पाणी सोडावं. सुरू केल्यावर धूर बघावा. काळा सतत येत असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा असेल तर तेल जळतंय, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल.

बिघाड आधीच ओळखण्याची ही पारख आपल्याकडं जुनी आहे. आपल्या जिल्ह्यातलं तेर हे गोरोबाकाकांचं गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना मडकी पारखायला सांगितली आणि त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, ही कथा आपल्याकडं लेकरालाही ठाऊक असते. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. कथेचा अर्थ अध्यात्माचा आहे, पण तिच्यात कुंभाराचं रोजचं शहाणपण आहे. मडकं कच्चं आहे हे त्यात पाणी भरण्याआधी कळायला हवं, आणि ते आवाजावरून कळतं. जुना मिस्त्री बंद गाडीच्या चाकांवर पान्यानं ठोकत जातो, ढिल्या नटाचा आवाज त्याला वेगळा ऐकू येतो. हातातलं हत्यार वेगळं असलं तरी पारख तीच आहे.

तुळजापूरला दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की आई भवानी पलंगावर निजते. श्रमनिद्रा. पौर्णिमेपर्यंत. माझं म्हणणं आहे की आपल्या भागात या पाच दिवसांत गाडी मिस्त्रीकडं लावण्याचा रिवाज पडावा. तेल, फिल्टर, पाणी, पट्टे, नळ्या, टॅपेट, नोझलची तपासणी, ब्रेक. हंगाम सुरू झाला की कारखान्याचं गाळप कुणासाठी थांबत नाही, आणि तेव्हा कुणी गाडी उभी करू देत नाही.

पैशाची अडचण मी विसरलेलो नाही. उचल घेतली तेव्हाच संपलेली असते, गाडीमालकाचा हप्ता डोक्यावर असतो, आणि न आलेल्या बिघाडावर पैसे घालायला हात धजत नाही. इंजिन बांधायला घेतलं की पैसे कुठूनही आणले जातात. तेल बदलायला मात्र महिना पुढं ढकलला जातो. शिवाय वेळेवर तेल बदलणाऱ्या ड्रायव्हरचं कौतुक करायला काही घडलेलंच नसतं. निदान मालकांनी आणि मुकादमांनी त्याला विचारावं की गाडीला काय हवंय, आणि त्यानं सांगितलं तर त्याचं ऐकावं.

गाडीची अशी तपासणी होते तेव्हा तिच्यात बसणारी माणसंही गावातच असतात. ऊसतोडीत एक दिवस काम बुडालं की खाड्याचा दंड लागतो, म्हणून बाया दुखणं अंगावर काढतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१९ साली शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गाड्या निघण्याआधीच्या या दिवसांत उपकेंद्राच्या सिस्टरनं गाड्या उभ्या असतात तिथंच बसावं. रक्तदाब, हिमोग्लोबिन, गरोदर बाईची नोंद, लेकरांच्या लशी, आणि जिथं जायचं त्या कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव लिहिलेला कागद प्रत्येकीच्या हातात. ट्रकचं तेल बदलायला मुकादम एक दिवस देणार असेल, तर या कामाला तोच दिवस पुरतो.