आपल्यातला माणूस

आम्ही गोराईचे ईस्ट इंडियन. हे इंग्रजी नाव १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवात आमच्या लोकांनी घेतलं. घरातली बोली मात्र मराठीच. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जायचं, तेव्हा घुमटाबरोबर फिडल लागायचीच. घुमट म्हणजे मातीचं मडकं, तोंडाला घोरपडीचं कातडं. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झालं. फिडलवाले काका मात्र होते.

काका फिडल हनुवटीखाली धरत नसत, छातीला टेकवत. नजर तारांवर नाही, नाचणाऱ्यांच्या पायांवर. एखादी म्हातारी नाचात शिरली की लय हळूच उतरवायचे, तिला कळूसुद्धा द्यायचे नाहीत. पहाटेपर्यंत हात चालायचा. मोबदला काय, तर नारळ, एक पेला आणि पहिल्या पंगतीचं जेवण.

याला आम्ही प्रेम म्हणायचो. प्रेम होतंच, पण नुसतं प्रेम नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. काकांच्या आवणीला अख्खा पाडा त्यांच्या शेतात उतरायचा, कापणीलाही. आई म्हणायची, "रातभर वाजवलंय त्याने, आज त्याला वाकायला लावू नका." म्हणजे काका फुकट वाजवत नव्हते. त्यांची मजुरी चिखलात फिटत होती, फक्त वहीत लिहिलेली नव्हती.

मग जमिनी गेल्या. त्यांची गेली, माझीही बरीचशी. भातच राहिलं नाही तर आवणी कसली? आमचं फेडणं थांबलं, त्यांचं वाजवणं चालूच राहिलं.

माझ्या मुलीच्या लग्नात डीजेवाल्याला मी आगाऊ पैसे मोजले, वर पावती घेतली. मुलाने विचारलं, "बाबा, काकांना किती द्यायचे?" मी म्हटलं, "अरे, ते आपल्यातले. पैसे दिले तर अपमान वाटेल त्यांना." काकांना मी विचारलं होतं का? नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत वाजवून पोट भरत. त्याने त्यांच्या सुराला कमीपणा आला नाही. कमीपणा येईल म्हणणारा मी. अपमानाचं निमित्त काकांचं, वाचणारे पैसे माझे.

लग्नानंतर महिनाभराने मी बोरिवलीला निघालो होतो. होडीच्या धक्क्यावर काका भेटले. फिडलची वरची तार तुटली होती, आणशील का म्हणाले, आणि मुठीतले पैसे पुढे केले. नोटा घामाने मऊ झालेल्या.

"राहू द्या काका, आपल्यात कसले पैसे?"

"घे रे," ते म्हणाले. "तारवाला कुठे आपल्यातला आहे?"