कानाची साक्ष

स्वतःच्या इंद्रियांची साक्ष मनुष्य सहसा नाकारीत नाहीं. ‘मीं माझ्या कानांनीं ऐकलें’ असें कोणी म्हटलें कीं वाद संपला, अशी लोकरीति आहे. ही रीति कोठवर न्याय्य आहे, हें पाहण्यास एका छंदाचें उदाहरण उपयोगी पडेल.

सोनी व फिलिप्स या कंपन्यांनीं सिद्ध केलेली सी.डी. १९८२ सालीं बाजारांत आली. तींत ध्वनीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें आणि प्रत्येक माप १६ बिटांचें असतें. वाचतांना आंकडे चुकल्यास ते सुधारण्याची सोयहि तींत आहे. असें असूनहि प्लेअरचें झांकण उघडून आंतले कपॅसिटर बदलावे, अधिक अचूक क्लॉक बसवावें, असा छंद वाढला. तबकडीची कड हिरव्या शाईनें रंगविल्यास स्वर निवळतो, असें मानणारेहि निघाले. पुरावा विचारल्यास उत्तर एकच: ‘फरक आम्हांला स्पष्ट ऐकूं येतो.’

हा सगळाच भ्रम आहे, असें नाहीं. जुन्या यंत्रांतला वाळलेला कपॅसिटर काढून नवा घातला तर आवाज सुधारतो. पण ती दुरुस्ती झाली. डिजिटल फिल्टर काढून टाकल्यास अतितार ध्वनि थोडे मंदावतात, म्हणजे आवाज खरोखर बदलतो; पण प्रत्येक बदल हा उत्कर्ष नव्हे. उरलेल्या फेरफारांविषयीं मात्र शंका राहते, कारण ज्यानें पैसा खर्चिला आणि स्वतः डाख दिले, तोच तेथें न्यायाधीश होऊन बसतो. शिवाय दोन आवाजांपैकीं एक किंचित् मोठा असला, तर कान त्याला ‘मोठा’ न म्हणतां ‘चांगला’ म्हणतो.

आपल्या नैयायिकांनीं इंद्रिय व विषय यांचा संनिकर्ष एवढ्यावरच प्रत्यक्षाचें लक्षण भागविलें नाहीं. तें ज्ञान अव्यभिचारी असावें, अशीहि अट घातली. मृगजळ डोळ्यांनाच दिसतें, म्हणून तें पाणी ठरत नाहीं. कोणतें यंत्र वाजत आहे हें श्रोत्यापासून लपवून त्याला भेद ओळखावयास लावणें, ही त्या अटीचीच आजची कसोटी होय. २००७ सालीं मेयर व मोरन यांनीं अशा एका परीक्षेचा निष्कर्ष ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. सी.डी.हून सूक्ष्म मापाचें ध्वनिमुद्रण, आणि तेंच सी.डी.च्या मापांतून गाळून आणलेलें, यांतील भेद श्रोत्यांनीं ओळखावयाचा होता. ५५४ उत्तरांपैकीं २७६ बरोबर आलीं. नाणें उडवूनहि जवळजवळ तितकींच आलीं असतीं. ही परीक्षा प्लेअरमधील फेरफारांची नव्हे, हें खरें. पण ‘उघड ऐकूं येणारा’ भेद डोळ्यांआड होतांच कसा विरतो, हें तीवरून कळतें.

मग त्या छंदिष्टाचा आनंद खोटा काय? मुळींच नाहीं. आनंद झाला हें सत्यच आहे. तो कशामुळें झाला, याविषयींचें त्याचें अनुमान तेवढें चुकूं शकतें. यंत्र जोडून झाल्यावर तो एकाग्र होऊन ऐकावयास बसतो. एरवीं निसटणारी तंबोऱ्याची आस त्या दिवशीं त्याला सांपडते. वाढलेलें असतें त्याचें लक्ष, आणि श्रेय मिळतें कपॅसिटरला.

स्वतःच्या खोलींत त्यानें तें कोणालाहि द्यावें. तेथें परीक्षेचें बंधन त्याजवर नाहीं. पण तोच अनुभव तो दुसऱ्यास सल्ला म्हणून देऊं लागला, किंवा त्यावर मोल घेऊं लागला, कीं अनुभवाची साक्ष होते, आणि साक्षीदारास उलटतपासणी चुकवितां येत नाहीं. ‘मी खोटें बोलत नाहीं’ एवढें म्हणून तो सुटत नाहीं. लबाडाविषयीं लोक सावध असतात; मनापासून चुकणाऱ्याची तळमळ मात्र त्यांना जामिनासारखी वाटते. म्हणून जो आपल्या शब्दावर दुसऱ्याला खर्च करावयास लावतो, त्यानें आधीं स्वतःचे डोळे झांकून आपल्या कानांची परीक्षा घ्यावी, हें त्याचें कर्तव्य आहे.